जात्याची तळी

तंजावरहून आलेले ते पत्र इंग्रजीत होते आणि सरकारी पत्र असावे तितके कोरडे होते. आपण केलेल्या तक्रारीवरून संबंधित टॅक्सीचालकाच्या लायसन्सचा फेरविचार करण्याचे योजले आहे, त्यास आपले म्हणणे मांडण्याची संधी देण्यात येत आहे, तरी आपणही आपले निवेदन समक्ष किंवा लेखी सादर करावे, इतकाच त्याचा आशय. मूळ तक्रार लिहिताना माझा हात कोठे अडखळला नव्हता. निवेदन लिहावयास बसलो तेव्हा मात्र पहिल्या परिच्छेदापुढे लेखणी सरेना.

घटना साधी होती. आदल्या डिसेंबरात सरस्वती महाल ग्रंथालयातील काही मराठी हस्तलिखिते पाहण्यासाठी मी पत्नीसह तंजावरला गेलो होतो. मराठी माणसाला हे गाव परके वाटत नाही. बृहदीश्वराच्या मंदिरात 1803 साली कोरलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास आजही भिंतीवर उभा आहे. सरफोजीराजांनी 1805 साली येथे देवनागरी छापखाना काढला आणि पुढच्याच वर्षी 'बालबोध मुक्तावली' हे इसापनीतीचे मराठी भाषांतर त्यातून बाहेर पडले. एक दिवस मोकळा मिळाला तेव्हा आम्ही समुद्रकाठच्या तरंगंबाडीला जाण्याचे ठरवले. बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग 1706 साली तेथे उतरला. त्याने केलेला तमिळ नवा करार 1715 पर्यंत तेथेच छापून पूर्ण झाला. 1718 साली बांधलेल्या न्यू जेरुसलेम मंदिरात त्याची कबर आहे. शास्त्राच्या भाषांतरात आयुष्य घालवलेल्या माणसाने तेथे एकदा तरी जावे, अशी माझी जुनी इच्छा होती.

टॅक्सीचे दिवसभराचे भाडे ठरले. निम्मे सकाळी, निम्मे परतल्यावर. परतीच्या वाटेवर कुंभकोणम काही मैलांवर राहिले असता चालकाने जादा पैसे मागितले. मी नकार दिला. आवाज चढले. त्याने गाडी कडेला घेतली, आमच्या पिशव्या रस्त्यावर ठेवल्या आणि तो निघून गेला. सूर्य मावळत होता. पत्नीच्या गुडघ्यावर चार महिन्यांपूर्वी शस्त्रक्रिया झाली होती. जवळ ना दुकान, ना दिवा. तासाभराने एक बस थांबली. दुसऱ्या दिवशी तेथील एका पाळकमित्राच्या मदतीने मी परिवहन कार्यालयाकडे तक्रार केली. वर सांगितलेले सर्व तीत होते आणि त्यातला शब्दन्‌शब्द खरा होता.

आता या तक्रारीचे पुढे काय होते ते पाहू, कारण आपण तक्रारी करतो पण त्यांचा प्रवास सहसा जाणून घेत नाही. मोटार वाहन अधिनियम, 1988 याच्या कलम 19 अन्वये लायसन्स देणाऱ्या अधिकाऱ्याला चालकास काही काळ अपात्र ठरवण्याचा किंवा लायसन्सच रद्द करण्याचा अधिकार आहे. सराईत मद्यपी असणे, गुन्ह्यासाठी वाहन वापरणे, पूर्वीच्या वर्तनावरून जनतेला धोका संभवणे ही त्याची काही कारणे. आणखी एक कारण म्हणजे जनतेस उपद्रव किंवा धोका होईल असे कृत्य. अशा कृत्यांची यादी 1989 च्या केंद्रीय नियमांत नियम 21 मध्ये दिली आहे. प्रवाशावर हल्ला करणे, त्याचे सामान चोरणे यांच्याच पंक्तीला प्रवाशाशी गैरवर्तन व असभ्यपणा तेथे बसवला आहे. मात्र कलमाने दोन कुंपणेही घातली आहेत. चालकाचे म्हणणे ऐकल्यावाचून आदेश काढता येत नाही, आणि आदेशाची कारणे लेखी नोंदवावी लागतात. आदेश मान्य नसेल तर तीस दिवसांत अपील करता येते. 2019 च्या दुरुस्तीने उजळणी प्रशिक्षणाची तरतूद आली, आणि काही प्रकरणांत लायसन्स रद्द झालेल्याचे नाव जाहीर करण्याची मुभाही आली.

महाराष्ट्रात सरकारी कागदांवर लायसन्सला 'अनुज्ञप्ती' म्हणतात. भाषांतरकाराच्या कानाला शब्द जड वाटतो, पण त्याहून मला त्यातला अर्थ खटकतो. अनुज्ञा म्हणजे परवानगी. देणाऱ्याने दिली, देणाऱ्याने काढून घेतली, त्यात घेणाऱ्याला विचारायचे काय? 1953 साली लंडनच्या एका न्यायालयाने जवळजवळ हेच म्हटले होते. तेथील एका टॅक्सीचालकावर आरोप होता की, तो आपली गाडी वेश्याव्यवसायासाठी वापरू देतो. लायसन्स देण्याचा व काढून घेण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांकडे होता. चालकाला एक साक्षीदार आणावयाचा होता, तो ऐकून घेतला गेला नाही आणि लायसन्स रद्द झाले. सरन्यायाधीश लॉर्ड गॉडर्ड यांनी निकाल दिला की, लायसन्स ही केवळ परवानगी आहे आणि ती काढून घेताना आयुक्तांनी न्यायाधीशासारखे वागण्याची आवश्यकता नाही. दहा वर्षांनी, 1963 साली, ब्रायटनच्या एका पोलीस अधिकाऱ्याच्या बडतर्फीच्या प्रकरणात हाउस ऑफ लॉर्ड्सने ही विचारसरणी मागे सारली. आपल्याकडे 1978 साली मनेका गांधी यांच्या पारपत्राच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कायद्यात तसे लिहिलेले नसले तरी बाधित माणसाला ऐकले गेलेच पाहिजे. आणि 1985 साली मुंबईच्या पदपथावर राहणाऱ्यांच्या प्रकरणात, ज्याला ऑल्गा टेलिस खटला म्हणतात, न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांच्या खंडपीठाने जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्क धरला. उपजीविकेचे साधन हिरावले तर माणसाचे जीवितच हिरावल्यासारखे होते, असा त्या निकालाचा रोख होता.

हा निकाल मी प्रथम वाचला तेव्हा मला अनुवादाचा चोविसावा अध्याय आठवला. तेथे सहाव्या वचनात देव इस्राएलास बजावतो की, कर्जापोटी कोणाचे जाते किंवा जात्याची वरची तळीसुद्धा गहाण घेऊ नये. कारणही दिले आहे, आणि ते विलक्षण आहे. असे करणारा माणूस वस्तू नव्हे, 'नेफेश' गहाण घेतो. या इब्री शब्दात जीव, प्राण, श्वास, माणूस हे सर्व येते. ज्या घरात रोजचे धान्य रोज दळले जाते त्या घरातून एकटी वरची तळी नेली तरी खालची तळी नुसता दगड होऊन पडते. सावकाराला तळीचा काही उपयोग नसतो. तिची किंमत तिच्यावाचून घरात काय होते त्यात असते. टॅक्सीचालकाचे लायसन्स ही आजची तळी आहे. गाडी दारात उभी राहील, तिचे हप्ते चालू राहतील, पण ती फिरणार नाही. मी माझ्या रागापोटी त्या घरातील तळीवर हात ठेवला होता.

तक्रारीवरून अधिकार काढून घेण्याचा प्रश्न किती जुना आहे, याची एक कथा भाषांतरकारांना जवळची वाटेल. केंब्रिज विद्यापीठातील डॉ. रिचर्ड बेंटली हा ग्रीक भाषेचा अद्वितीय पंडित. नव्या कराराची शुद्ध ग्रीक आवृत्ती काढण्याची योजना त्याने 1720 साली जाहीर केली होती. स्वभावाने मात्र तो महाभांडखोर. विद्यापीठाच्या न्यायासनाचा त्याने अपमान केला अशी तक्रार झाली आणि त्याला न ऐकताच त्याच्या पदव्या काढून घेण्यात आल्या. 1723 साली राजाच्या न्यायालयाने त्या परत देण्याचा आदेश दिला. त्या वेळी न्यायमूर्ती फोर्टेस्क्यू यांनी एक दाखला दिला, तो आजही जगभरच्या निकालपत्रांत सापडतो. देवाने स्वतः आदामाला शिक्षा देण्यापूर्वी हाक मारली, तू कोठे आहेस, ते फळ तू खाल्लेस काय, असे विचारले, आणि हव्वेलाही विचारले, असा त्या दाखल्याचा भावार्थ. सर्वज्ञ देवाला उत्तर ठाऊक नव्हते असे नाही. (सर्पाला मात्र विचारले नाही, हे माझ्या एका विद्यार्थ्याने एकदा दाखवून दिले. त्याचे समाधान होईल असे उत्तर मला अद्याप सापडलेले नाही.)

माझ्या मते उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायातील प्रसंग याहून नेमका आहे. सदोमाविषयीची ओरड देवाच्या कानी आली आहे. तो म्हणतो, मी खाली उतरून पाहीन, माझ्यापर्यंत पोहोचलेल्या ओरडीप्रमाणेच त्यांनी खरोखर केले आहे की नाही. मूळ शब्द 'त्सआका'. मराठीत आपण 'ओरड' म्हणतो, पण ओरड म्हटली की गोंगाट डोळ्यांपुढे येतो. निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात विधवा व अनाथ देवापुढे जो टाहो फोडतात त्यालाही हाच शब्द आहे, आणि तो ऐकण्याचे देवाने वचन दिले आहे. एका मसुद्यात मी 'गाऱ्हाणे' सुचवले होते. कोकणात गाऱ्हाणे देवापुढे घालतात आणि चावडीवरही घालतात, म्हणून तो शब्द दोन्हीकडे चालला असता. सहकाऱ्यांना तो ग्रामीण वाटला. असो. मुद्दा असा की, गाऱ्हाणे ऐकणारा देव गाऱ्हाण्यावरच निकाल देत नाही, तो उतरून पाहतो.

या बाबतीत पवित्र शास्त्रातील परराष्ट्रीयसुद्धा आपल्याला लाजवतात. प्रेषितांची कृत्ये 25:16 मध्ये फेस्त हा रोमी सुभेदार पौलाच्या शत्रूंना ऐकवतो की, आरोपीला वादींच्या समोर उभे करून प्रत्युत्तराची संधी दिल्यावाचून त्याला शिक्षेसाठी हवाली करण्याची रोमी लोकांची रीत नाही. निकदेम तोच प्रश्न आपल्या लोकांना विचारतो (योहान 7:51) आणि उत्तराऐवजी टोमणा ऐकून घेतो. आणि आपल्या मंडळ्यांत काय चालते? एक निनावी पत्र येते, कमिटी बसते, आणि एखादा पाळक, एखादी शिक्षिका, एखादी पवित्रशास्त्र शिकवणारी बाई रातोरात घर रिकामे करते. पत्रात काय होते हेही तिला कोणी सांगत नाही. दोन किंवा तीन साक्षीदारांवाचून वडिलांवरील आरोप ऐकू नये, असे पौल तीमथ्याला लिहितो (1 तीमथ्य 5:19). ज्या कार्यालयाकडे मी तक्रार केली तेथे निदान कलम 19 होते. आमच्या पुष्कळ कमिट्यांत तेवढेही नाही.

पत्र आल्याचे मंडळीतील काही बंधूंना सांगितले तेव्हा बहुतेकांनी एकच सल्ला दिला. क्षमा करा आणि तक्रार मागे घ्या, गरिबाच्या पोटावर पाय देऊ नका. हा सल्ला ख्रिस्ती वाटतो, आणि म्हणूनच तो तपासून घेतला पाहिजे. रस्त्यावर उतरवले गेलो ते आम्ही दोघे होतो. अंधारात गुडघा धरून बसलेली मी नव्हे, ती होती. तिच्या वतीने मी क्षमा कोणत्या अधिकाराने करू? आणि उद्या त्याच गाडीत बसणारी एखादी एकटी मुलगी, तिच्या वतीने कोण करणार? डिसेंबर 2014 मध्ये दिल्लीत एका टॅक्सीचालकाने प्रवासी तरुणीवर अत्याचार केला. 2015 साली त्याला जन्मठेप झाली. त्याच्यावर पूर्वीही गंभीर गुन्हे नोंदले गेले होते आणि त्याच्या नावे असलेला चारित्र्याचा दाखला बनावट निघाला. तेथे जी चौकशी व्हावयास हवी होती ती आधी कोणी केली नव्हती. वाट पाहणाऱ्या पहारेकऱ्याने तलवार येताना पाहूनही कर्णा वाजवला नाही तर रक्ताचा झाडा त्याच्यापाशी घेतला जाईल, असे यहेज्केल सांगतो. तक्रार करणे हे कर्णा वाजवण्यासारखे आहे. प्रेमाच्या नावाखाली तो खुंटीला टांगून ठेवण्याचा अधिकार मला नाही, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते.

मग अडचण कोठे होती? ती सांगण्यापूर्वी तंजावरमधल्याच एका मोठ्या फेरविचाराकडे वळतो. शिवगंगा बागेतील 1779 सालच्या मंदिरात जॉन फ्लॅक्समन याने कोरलेले संगमरवरी शिल्प आहे. मरणशय्येवर मिशनरी ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ आणि शेजारी त्याचा हात हाती घेतलेले सरफोजीराजे. 1787 साली तुळजाराजे मृत्युशय्येवर असता त्यांनी दहा वर्षांच्या सरफोजीला दत्तक घेतले आणि श्वार्ट्झला त्याचा पालक होण्याची विनंती केली. श्वार्ट्झने ती नाकारली, आणि राजाचा सावत्रभाऊ अमरसिंग याच्याकडे पालकत्व द्यावे असे सुचवले. राजा वारल्यावर अमरसिंगाने दत्तकविधानालाच हरकत घेतली. मद्रासच्या गव्हर्नरने पंडितांचे मत मागवले. मुलगा आपल्या बापाचा एकुलता एक, वयही जास्त, सबब दत्तक अशास्त्र, असे मत पडले आणि अमरसिंग गादीवर बसला. मुलाची आबाळ झाली, राण्यांनी गाऱ्हाणी केली, श्वार्ट्झ पत्रांमागून पत्रे लिहीत राहिला. 1793 साली मुलाला व राण्यांना मद्रासला हलवण्यात आले. कंपनी सरकारने पुन्हा चौकशी केली, दुसऱ्या पंडितांची मते घेतली, पहिले मत टिकले नाही आणि 1798 च्या जूनमध्ये सरफोजी गादीवर आले. श्वार्ट्झ त्यापूर्वी चार महिने, फेब्रुवारीत, प्रभूकडे गेला होता.

आमच्या मिशनरी चरित्रांत ही कथा सत्याच्या विजयाची म्हणून सांगतात. मला ती तितकी सरळ वाटत नाही. 1799 च्या तहाने नव्या राजाने राज्याचा कारभार कंपनीच्या हवाली केला, आणि किल्ला, वसुलाचा पाचवा हिस्सा व ठरावीक रक्कम एवढ्यावर त्याने समाधान मानले. फेरविचार न्याय्य होता आणि फेरविचार करणाऱ्याच्या सोयीचाही होता, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. शिवाय त्या साऱ्या अनर्थाला श्वार्ट्झच्या पहिल्या सल्ल्यानेच वाट करून दिली होती. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्यासाठी झगडणारा माणूस त्या प्रकरणात स्वतः अगदीच बाहेरचा नव्हता. शिल्पापुढे उभा होतो तेव्हा मला हे सुचले नाही. निवेदनाच्या कोऱ्या कागदापुढे सुचले.

लूकच्या सोळाव्या अध्यायात अन्यायी कारभाऱ्याचा दाखला आहे. त्याच्याविषयी धन्याकडे तक्रार गेली, या अर्थी तेथे जे ग्रीक क्रियापद येते ते संपूर्ण नव्या करारात दुसरीकडे कोठेही येत नाही. 'दियाबाल्लो'. 'दियाबोलोस', म्हणजे सैतान, हा शब्द त्याच धातूचा. चहाडी करणे, द्वेषाने आरोप करणे असा त्याचा अर्थ. पण गंमत अशी की, ती तक्रार खोटी होती असे दाखला सांगत नाही. कारभाऱ्याने खरोखरच मालमत्ता उधळली असावी, कारण तो एका शब्दानेही इन्कार करत नाही. खणायला अंगात बळ नाही आणि भीक मागायला लाज वाटते, एवढेच तो मनाशी म्हणतो. भाषांतर करताना आम्ही या क्रियापदाशी पुष्कळ झगडलो. 'खोटा आरोप' म्हटले तर कथा बिघडते. नुसते 'कळवले' म्हटले तर शब्दातले विष जाते. सत्य बोलूनही माणूस दियाबोलोसाचे काम करू शकतो, हे सांगणारा एक शब्द मराठीत शोधत आम्ही एक संपूर्ण दुपार घालवली होती.

माझ्या तक्रारीत दोन गोष्टी नव्हत्या.

एक, तरंगंबाडीला ठरल्यापेक्षा दोन तासांहून अधिक वेळ मी त्याला थांबवून ठेवले होते. झीगेनबाल्गच्या कबरीपाशी, मग किल्ल्यावर, मग आणखी एका जुन्या मंदिरात. तो सकाळपासून गाडीतच होता. जेवला की नाही हे मी विचारले नव्हते. जादा पैसे त्याने मागितले ते त्या दोन तासांचे. आणि तो निघून गेला तो उरलेले निम्मे भाडे न घेता. माझ्या तक्रारीवरून वाटावे की त्याने आम्हांला लुबाडले. प्रत्यक्षात त्याचे पैसे माझ्या खिशात राहिले होते.

दुसरी गोष्ट लिहिणे अधिक कठीण आहे. मला तमिळ येत नाही. पण कामानिमित्त निरनिराळ्या भारतीय भाषांतली भाषांतरे शेजारी ठेवून पाहावी लागतात, त्यामुळे काही शब्द डोळ्यांखालून गेलेले असतात. प्रभूच्या दोन्ही बाजूंस वधस्तंभी दिलेल्या चोरांना जुन्या तमिळ भाषांतरात 'कळ्ळर' म्हटले आहे. एकवचनी 'कळ्ळन'. वाद वाढला, इंग्रजी दोघांचीही संपली, तेव्हा तो शब्द माझ्या तोंडून निघाला. गाडी कडेला घेतली गेली ती त्यानंतर. त्याने माझ्याकडे पाहिले नाही, माझ्या पत्नीकडेही नाही. पिशव्या आपटल्या नाहीत, ठेवल्या.

तंजावर, पुदुकोट्टै, मदुरै या भागांत कळ्ळर याच नावाचा एक मोठा समाज आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मदुरैकडील त्याच्या एका शाखेवर इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का मारला होता. आपल्याकडे पारधी बांधवांनी जे भोगले तेच. जन्मला तो गुन्हेगार, रोज हजेरी. मद्रास प्रांतात तो कायदा 1947 साली आणि देशभर 1952 साली गेला. माझा चालक त्या समाजाचा होता की नाही, मला माहीत नाही. पाळकमित्राने हा सारा इतिहास पुढे पत्रात कळवला तेव्हा मला एवढेच कळले की, वधस्तंभाच्या कथेतून उचललेला शब्द मी दगडासारखा फेकला होता, आणि तो कोठे लागू शकतो याची मला कल्पनाही नव्हती. जो माणूस एका क्रियापदासाठी दुपार घालवतो त्याने हे करावे!

नीतिसूत्रांत (18:17) म्हटले आहे की, वादात प्रथम बोलणारा खरा वाटतो, मग त्याचा शेजारी येऊन त्याची परीक्षा घेतो. माझा शेजारी बाराशे किलोमीटरवर होता, तमिळशिवाय त्याला भाषा नव्हती, आणि साहेबाच्या टेबलावर माझी इंग्रजी तक्रार आधीच पोहोचली होती. कायद्याने त्याला बोलण्याची संधी दिली होती खरी. पण दोन माणसांच्या बोलण्याचे वजन एका तराजूत सारखे भरत नाही, हे अर्ज लिहून घेण्यासाठी कचेरीबाहेर बसणाऱ्या कोणत्याही लेखनिकाला ठाऊक असते. त्याची बाजू मांडण्यासाठी लागणारा अर्धा पुरावा माझ्यापाशी होता.

मी नवे निवेदन लिहिले आणि पत्नीला वाचून दाखवले. तक्रार मागे घेत नाही, असे त्यात आरंभीच होते. नंतर थांबवून ठेवलेले दोन तास, न दिलेले भाडे आणि तो शब्द. तिने शेवटपर्यंत ऐकले.

“हे सगळं खरं आहे,” ती म्हणाली, “पण अंधार पडत होता हेही खरंच आहे. ते कमी करू नका.”

“कमी केलेलं नाही.”

“केलंय. आधी 'काळोख' होता, आता 'सायंकाळ' झालीय.”

तिचे बरोबर होते. मी 'सायंकाळ' खोडून पुन्हा 'काळोख पडू लागला होता' असे लिहिले. मग तिने आणखी एक गोष्ट दाखवून दिली, आणि तीही चोविसाव्या अध्यायातलीच निघाली. जात्याच्या तळीनंतर नऊ वचनांनी मजुराचा उल्लेख येतो. त्याची मजुरी त्याच दिवशी द्यावी, तिच्यावर सूर्य मावळू देऊ नये, कारण त्याचा जीव तिच्यात गुंतलेला असतो. तेथेही 'नेफेश' हाच शब्द आहे. मी इतकी वर्षे सहाव्या वचनावर टिपणे करत आलो आणि खिशात पंधरावे वचन मोडत होतो. उरलेले भाडे आणि दोन तासांचे पैसे पाळकमित्राकडे पाठवले. चौकशी चालू असताना पैसे देणे म्हणजे तोंड बंद करणे असा अर्थ कोणी काढू नये म्हणून पावती निवेदनाला जोडली आणि ते कशाचे हेही लिहिले. त्याने पैसे मोजून घेतले, सही केली आणि काही बोलला नाही, असे मित्राने कळवले.

दोन महिन्यांनी आदेशाची प्रत आली. एका महिन्यासाठी अपात्र, नंतर लायसन्स परत. कारणे लेखी दिली होती. भाड्याविषयी प्रवाशांचीही चूक दिसते, तथापि कोणत्याही वादात वयस्क प्रवाशांना सूर्यास्ताच्या वेळी निर्जन रस्त्यावर उतरवणे समर्थनीय नाही. हा निर्णय मला योग्य वाटतो. एक महिन्याची तळी फार झाली की थोडी, हे मला सांगता येत नाही. आमच्या घरी यावर दोन मते आहेत.

आदेशात चालकाच्या म्हणण्याचा सारांश चार ओळींत आहे. थांबावे लागले, जेवण झाले नव्हते, पैसे नाकारले गेले, राग आला, चूक झाली. मी उच्चारलेल्या शब्दाचा उल्लेख माझ्या निवेदनाच्या सारांशात येतो. त्याच्या म्हणण्यात तो कोठेही नाही. माझ्या उच्चारामुळे त्याला तो कळलाच नाही, की कळूनही त्याने साहेबापुढे तो पुन्हा उच्चारला नाही, हे चार ओळींवरून ठरत नाही. पाळकमित्राला मी तसे विचारून लिहिले आहे. त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही.